साहेबाचे मासे

आमच्या घरी अश्विन म्हणजे गोधड्यांचा महिना. बाहेर ऊन असं, की वाफ्यातली माती तळपायाला चटके द्यायची, कांद्याच्या रोपांनी दुपारी माना टाकलेल्या असायच्या, आणि घरात मात्र आई एकेकाच्या अंगावर गोधड्या टाकत फिरायची. एकाची थंडी उतरली की त्याची गोधडी दुसऱ्याच्या अंगावर जायची. चार माणसांच्या घरात दोन तरी कायम पडलेली. दातांवर दात आपटण्याचा तो आवाज मला अजून ओळखता येतो. जात्यातले दाणे संपत आले की जातं जसं रिकामं खडखडतं, तसा तो असतो. ताप यायचा एक दिवसाआड. त्यामुळं आबा, म्हणजे माझे वडील, खुरपणीला येणाऱ्या गड्याला सांगायचे, "उद्या येऊ नगंस. उद्या माझी थंडी हाय. परवा ये, परवा खुरपू." दोघांनाही त्यात काही वेगळं वाटायचं नाही.

माझ्या पाठचे दोन भाऊ याच तापानं, याच महिन्यात गेले. आई त्यांची नावं घेत नसे. उरलो मी आणि सोना. सोना माझ्याहून अकरा वर्षांनी लहान. ती आठ वर्षांची झाली तेव्हा तिचं पोट डाव्या अंगानं दगडासारखं घट्ट लागायचं. वैद्य म्हणाले, पानथरी, म्हणजे प्लीहा, वाढलीय, अजून दोन-तीन पावसाळे असेच गेले तर सांगता येत नाही. आई रोज सकाळी तिच्या पोटाला हात लावून बघायची. भाकरी भाजली का हे बघायला लावते तसा, बोटांच्या टोकांनी, पटकन. मग चुलीकडं वळायची.

लोक म्हणतात, कॅनॉल आला आणि आमच्या भागाचं सोनं झालं. झालं, खोटं कशाला बोलू? माझं कॉलेज कॅनॉलच्या पाण्यावरच झालं. पण ज्यांची जमीन खालच्या अंगाला होती त्यांना विचारा. निमगाव केतकीच्या अलीकडं आमची सहा एकरं. आम्ही माळी. माळवं करायचं आणि बारामतीच्या गुरुवारच्या बाजाराला गाडी जुंपायची, हा धंदा. वरच्या रानातल्या उसाला पाणी सुटलं की ते जमिनीखालून झिरपत आमच्या रानात यायचं आणि येताना खार घेऊन यायचं. सकाळी बघावं तर मातीवर पीठ सांडल्यासारखा पांढरा थर. त्याला आमच्याकडं चोपण म्हणतात. चोपणात मेथी उगवत नाही, वांगं धरत नाही, गवतसुद्धा रडतखडत येतं. दरवर्षी ते हातभर पुढं सरकायचं. आबा त्याच्या कडेला खुंट ठोकून ठेवायचे आणि पुढच्या वर्षी खुंट पांढऱ्यात गेलेला बघून तोंड फिरवायचे.

ते चोपण एकाच ठिकाणी थांबलं होतं, घराच्या मागं. परसाच्या टोकाला एक खड्डा होता. माझ्या आज्यानं घराच्या भिंतींसाठी माती काढली तो. पुरुषभर खोल, आणि दोन बैलगाड्या शेजारी शेजारी सोडता येतील एवढा ऐसपैस. पाझराचं पाणी त्यात उतरायचं आणि खालच्या ओढ्याकडं निघून जायचं. खड्डा पाणी ओढून घेतो म्हणून त्याला लागून असलेले चार मोठे वाफे कोरडे राहायचे. आमचं घर त्या चार वाफ्यांवर चालत होतं. आणि त्याच खड्ड्यात, त्याच पाण्यावर, ताप देणारे डास जन्माला येत होते.

आई म्हणायची, बुजवा.

आबा म्हणायचे, "बुजवला तर वाफं जातील. मग काय खायचं? माती?"

"माझी दोन माती खाऊनच गेली," आई म्हणायची.

*

परवा हस्ताचा शेवटचा पाऊस पडून गेला आणि दुसऱ्या दिवशी ऊन असं पडलं, जणू कुणी ते धुऊन वाळत घातलंय. या उन्हाला एक वास असतो. वाळत चाललेल्या शेवाळाचा, कापलेल्या बाजरीच्या धांडाचा, आणि थोडा कुजकट असा पाण्याचा. आता मी बारामतीत राहतो. घरामागं छोटासा हौद आहे, चार हात लांब. पाऊस सरला की मी धोतर खोचून त्यात उतरतो, कडेचं शेवाळ काढतो, पडलेली पानं वेचतो, मासे आहेत का बघतो. बायको म्हणते, मास्तरकीतून सुटलात तरी हे सुटत नाही. शेजारी वकील राहतात. ते माडीवरून विचारतात, "गुरुजी, एवढ्याशा माशांची एवढी बडदास्त? खायचे तरी असते!" मी हसतो. या माशांना खायचं नसतं, त्यांनी खायचं असतं, हे त्यांना कुठून समजावू?

पाण्यात पाय बुडवला की तळव्याला जो गार, बुळबुळीत चिखल लागतो, तो मात्र बारामतीचा नसतो. तो परसातल्या त्या खड्ड्याचाच असतो.

*

एकोणीसशे तीसनंतरची वर्षं होती. मी पुण्याला बी.एस्सी.च्या पहिल्या वर्गात होतो. आमच्या भावकीत इंग्रजी शाळेत गेलेला मी पहिला आणि कॉलेजात गेलेलाही पहिलाच. पुढं पदवीधरही मीच पहिला झालो. ही गोष्ट मी आजही सांगताना छाती काढून सांगतो, त्यात लाजायचं काय? पण त्या काळी छाती जरा जास्तच पुढं असायची. दौंडहून बारामतीच्या छोट्या गाडीत बसलो की मी मुद्दाम पुस्तक उघडून बसायचो, वाचायचं नसलं तरी.

त्या उन्हाळ्यात हिवतापाचा एक साहेब गावोगाव फिरत होता. साहेब म्हणजे आपल्यातलाच माणूस, पण खाकी चड्डी, डोक्याला टोप, आणि हातात लांब दांड्याची पांढरी पळी. त्यानं आमच्या खड्ड्यात पळी बुडवली आणि आईपुढं धरली. पळीत बारीक किडे वळवळत होते. शेपूट वर, डोकं खाली.

"हे मोठे होतात, त्यांचे डास होतात, आणि डास मुलीला चावतात," साहेब म्हणाला. "खड्डा बुजवा."

आबांनी त्याला हाताला धरून चोपणाचा खुंट दाखवला, चार वाफे दाखवले. माणूस चांगला होता. बराच वेळ उभा राहिला. पावसाळ्याच्या तोंडाला तो परत आला, ते रॉकेलच्या डब्यात मासे घेऊन. बोटाच्या पेराएवढे, राखी रंगाचे, बघून कुणाला भूक लागू नये असे. ते किडे खातात म्हणे. ते त्यानं खड्ड्यात सोडले आणि बजावून गेला, "दसऱ्यानंतर येईन. पळीत एक जरी अळी निघाली तर मग माझं काही चालणार नाही. बुजवायचा हुकूम लिहून देईन."

गावात त्यांचं नाव पडलं, साहेबाचे मासे.

*

सहामाही परीक्षा देऊन मी घरी आलो तेव्हा अश्विन लागला होता. कारळं पिवळंजर्द फुललं होतं, चतुर पाण्यावर टेकून टेकून उडत होते, आणि खड्डा पावसाळ्यात माजलेल्या हिरवळीनं गच्च भरला होता. काठानं पाणकणीस डोक्याच्या वर गेलेलं. पाण्यावर शेवाळाची साय. मासे कुठं दिसत नव्हते.

पाण्याच्या कामाला आमच्याकडं एकच माणूस होतं. हौसाबाई. भोयांची, आमच्यापासून हाकेच्या अंतरावर राहणारी. नवरा गेल्यावर तीच नीरेच्या डोहात जाळं टाकायची आणि डोक्यावर पाटी घेऊन बाजार करायची. साठीला टेकलेली, काळीशार, आणि तोंड असं की बाजारात फौजदार तिच्याशी घासाघीस करत नसे. मी तिला आत्या म्हणायचो.

ती आली, काठावर बसली, पाणी ओंजळीत घेऊन हुंगलं, आणि म्हणाली, "आबा, हितं मासं न्हाईत, हितं जंगल हाय. डासाला ह्याच्यापरीस चांगलं घर पुण्यात बी घावायचं न्हाय."

चार दिवस आम्ही ते पाणी अश्विनासाठी तयार केलं. मी आयुष्यात पुढं पुष्कळ कामं केली, पण तसं अंग मोडून आणि तसं मजेत केलेलं काम आठवत नाही. मी आणि आबा कमरेएवढ्या पाण्यात, हौसाबाई काठावर. पाणकणीस मुळासकट ओढायचं. ते सुटताना पाण्यातून बुडबुडे यायचे आणि कुजक्या अंड्याचा वास. कड उतरती होती ती फावड्यानं उभी कापायची, कारण, हौसाबाईच्या म्हणण्याप्रमाणं, "उतरत्या काठाला टीचभर पाणी ऱ्हातंय, तितं मासा शिरत न्हाय आन् किडा निघत न्हाय." एका कोपऱ्यात तिनं बाभळीच्या फांद्या टाकायला लावल्या, खंड्यानं आणि बगळ्यानं मासे उचलू नयेत म्हणून. मरळ मासे हातभर लांबीचे तीन निघाले. ते लहान मासे गिळतात, म्हणून तिनं ते काढून पाटीत टाकले आणि म्हणाली, "ही माझी मजुरी. कुनी नजर लावू नगा."

मी म्हटलं, "आत्या, सगळंच पाणी उपसून काढू. नवीन स्वच्छ भरू."

"का? मासं काय आंघूळ करत्यात व्हय त्यात?" ती म्हणाली. "जुनं ऱ्हाऊ दे निम्मं. जुनं पानी म्हंजी जुनी सासू. वाईट आसंल, पर तिची सवं झालेली आसती. एकदम नवी सासू आनून बशीवली तर सून हाय खाती."

आई हसली. सोनाला त्या दिवशी थंडी नव्हती, ती उन्हात गोधडी गुंडाळून बसली होती, तीही हसली. आई या खड्ड्यापाशी हसलेली मी पहिल्यांदाच पाहिली.

चौथ्या दिवशी पाणी निवळलं आणि मासे दिसले. उन्हात, वरच्या वितीभर पाण्यात, राखी सावल्या. सोना काठावर पालथी पडून बघायची. एखादा किडा वर आला की मासा तिरपा व्हायचा आणि किडा नाहीसा. "खाल्ला!" ती ओरडायची. आई चुलीपासून विचारायची, "खाल्ला का गं?" असा तो सगळा दिवस गेला.

इथंच थांबलो असतो तर बरं झालं असतं.

*

मला ते मासे हडकुळे वाटले. पाणीही फार नितळ वाटलं. कॉलेजात आम्हाला शिकवलं होतं, की पाण्यात बारीक हिरवी वनस्पती वाढते, तिच्यावर बारीक जीव जगतात, आणि त्यांच्यावर मासे. आणि त्या वनस्पतीला लागतं काय? जे मेथीला लागतं तेच. खत. माळ्याच्या पोराला हे पटायला वेळ लागत नाही. आमच्या घरात सगळ्या दुखण्यावर एकच औषध होतं, खत. रोप पिवळं पडलं, द्या खत. वांगं किडकं निघालं, खत कमी पडलं. गोठ्याशेजारी करंजाच्या पेंडीची पोती पडली होती, उसाला द्यायला आणलेली. आमच्या भागात तेव्हा उसाला सगळेच ती घालायचे. मी आबांना म्हटलं, दोन पाट्या पेंड पाण्यात टाकू. मासे दुपटीनं वाढतील.

आबांनी पेंडीचा खडा हातात घेऊन चुरडला. त्यांनाही ते बरोबरच वाटलं होतं, त्यांचा हात सांगत होता. तरी म्हणाले, "हौसाबायला इचारावं का?"

मी म्हटलं, "ती काय शिकलीय?"

हे वाक्य मी इथं जसंच्या तसं लिहितोय. मला ते लपवता आलं असतं.

आबांनीच पाटी उचलून माझ्या हातात दिली. संध्याकाळी, दिवस मावळायच्या आधी, मी चारी कोपऱ्यांत पेंड भिरकावली. कांद्याच्या वाफ्यात टाकावी तशी, सारखी, हात मोकळा सोडून.

सकाळी आईच्या हाकेनं उठलो. ती घागर घेऊन मागं गेली होती.

पाणी चहासारखं तांबूस झालं होतं. वर बारीक फेस. आणि मासे पाण्याच्या तोंडाशी आले होते, सगळेच्या सगळे, तोंडं उघडी टाकून. काही कलंडलेले. काहींची पोटं पांढरी, वर. एखादा मधेच गिरकी घ्यायचा, जसं माणूस चक्कर येऊन भिंत शोधतं, आणि परत कलंडायचा.

आई आबांकडं बघून म्हणाली, "साहेब कवा येनार हाय?"

"चार-पाच दिसांत."

"मग किडं हुतील," आई म्हणाली. "मासं मेलं आन् किडं झालं. आता तर बुजवाच. मी आता ऐकायची न्हाय."

आबा वाफ्यांकडं बघत उभे राहिले. त्या चार वाफ्यांत नुकती मेथी उगवली होती, दोन-दोन पानांची.

हौसाबाई त्याच वाटेनं निमगावच्या बाजाराला निघाली होती. आबांनी हाक मारली. ती आली, पाटी खाली ठेवली, आणि वाकायच्याही आधी, उभ्यानंच, नाक वर करून म्हणाली, "करंज!"

मग माझ्याकडं बघून, "कुनी टाकली?"

मी म्हटलं, "मी."

"आरं माझ्या देवा! आरं शंकऱ्या, आमी करंज कुटून डोहात टाकतू, ते कशापायी? मासं गुंगून वर याया! ही तर मासं धरायची ईद्या हाय! कालिजात जाऊन भोयाचा धंदा शिकलास व्हय रं?"

दुसऱ्या कुणी म्हटलं असतं तर मी बोललो असतो. मी खाली बघत राहिलो.

"उबा काय ऱ्हायलास? गुंगल्यात, मेलं न्हाईत समदं. चांगल्या पान्यात पडलं तर निम्मं तरी शुद्धीवर येत्याल. आबा, मोट जुपा. वयनी, घरात जेवढं भांडं आसंल तेवढं भाईर काडा."

*

त्या दिवसाचं मला जे आठवतं ते तुकड्यातुकड्यानं आठवतं.

मोटेच्या चाकाची कुरकुर, सकाळपासून तिन्ही सांजेपर्यंत, न थांबता. आबांची त्या दिवशी थंडीची पाळी होती. दुपारी बारा वाजता त्यांना हुडहुडी भरली. ते बैलांच्या मागं चालत होते आणि दात वाजत होते. मी म्हटलं, "आबा, मी हाकतो, तुम्ही पडा." ते म्हणाले, "तुला बैल ओळखत न्हाईत. तू तुझं कर." मग आईनं त्यांच्या अंगावर चालता चालता गोधडी टाकली, आणि ते भर उन्हात गोधडी पांघरून, थडथडत, विहिरीच्या उतरत्या धावेवरून खाली-वर येत जात राहिले.

घरातली भांडी परसात ओळीनं मांडलेली. हंडा, घागर, पाण्याचा रांजण, भाकरीच्या पिठाची काटवट, देवाचं ताम्हनसुद्धा. सगळ्यांत विहिरीचं पाणी. हौसाबाई आणि मी आबांच्या जुन्या धोतराची दोन टोकं धरून पाण्यातून ओढत होतो आणि जे येईल ते भांड्यांत टाकत होतो. काटवटीतलं पाणी हातानं ढवळत राहायचं, माशांना वारा मिळावा म्हणून. ते काम आईकडं होतं. सुरुवातीला ती घुम्यासारखी ढवळत होती. मग एक मासा तिच्या बोटाला लागून सरळ झाला, शेपूट हलवली आणि पोहायला लागला. आईनं हात तसाच पाण्यात ठेवला.

"आगं, जित्ता हाय," ती म्हणाली. कुणालाच उद्देशून नाही.

पलीकडच्या कडेला हौसाबाईनं बांध फोडायला लावला, म्हणजे विषारी पाणी ओढ्याकडं निघून जाईल आणि मोटेचं नवं पाणी पाटातून खड्ड्यात येईल. मी म्हटलं, "तुम्ही तर म्हणाला होतात, एकदम नवं पाणी घालू नका." ती म्हणाली, "सासूनं ईख घातल्यावर बी सासूच धरून बसायचं व्हय? हान फावडं!"

सोना आत पडून होती. तिचाही थंडीचा दिवस. गोधडीतून तिचा आवाज यायचा, "दादा, किती जगलं?" मी सांगायचो, पुष्कळ. थोड्या वेळानं परत, "दादा, खड्डा बुजवनार का आता?"

मी दाराशी गेलो तेव्हा ती कुडकुडत म्हणाली, "मासं मेलं तर मी बी मरनार का?"

घरात वैद्याचं बोलणं कुणी तिच्यापुढं काढलं नव्हतं. पण पोरांना भिंतीपलीकडचं ऐकू येतं. मी तिथून परत खड्ड्याकडं गेलो आणि दिवस मावळेपर्यंत पाण्याबाहेर आलो नाही.

तिन्ही सांजेला पाण्याचा तांबूसपणा गेला होता. भांड्यांतले जगलेले मासे आम्ही परत सोडले. पेंड टाकायच्या आधी होते त्याच्या तिसऱ्या हिश्शाएवढे असतील. हौसाबाईचा बाजार बुडाला होता, तिच्या पाटीतल्या माशांना वास यायला लागला होता. ती हातपाय धूत होती. मी तिच्यापुढं जाऊन उभा राहिलो. काय बोलायचं ते ठरवून गेलो होतो.

तीच म्हणाली, "तुझ्या हातनं झालं ते बेस झालं."

मी मान वर केली.

"आबाच्या हातनं झालं आसतं, तर तू त्यास्नी जल्मभर आडाणी म्हनला आसतास." तिनं पाटी डोक्यावर घेतली. "आता म्हननार न्हाईस. जा, च्या कर म्हनावं वयनीस्नी. मला बी घोटभर."

*

पुढं मी तीस वर्षं शास्त्र शिकवलं. करंजाच्या बीत काय असतं, माशांच्या कल्ल्यांवर ते काय करतं, हे फळ्यावर आकृती काढून सांगितलं. पोरांना मी नेहमी सांगायचो, पुस्तकातलं खोटं नसतं. मला कॉलेजात शिकवलं तेही खरंच होतं. पाण्याला खत लागतं, मासे त्यानं वाढतात, आज सगळीकडं तसं करतात. फक्त कुठलं खत, हे त्या पुस्तकात नव्हतं आणि हौसाबाईच्या नाकात होतं. मला विचारायला दोनशे पावलं जावं लागलं असतं. शिकलेल्या माणसाला ती दोनशे पावलं फार लांब वाटतात. अजूनही वाटतात. परवा हौदातलं शेवाळ काढताना, हौदाची कड दुरुस्त करायला आलेल्या गवंड्यानं काही सांगितलं, तेव्हा माझ्या तोंडावर तेच वाक्य आलं होतं. गिळलं.

*

साहेब दसऱ्यानंतर तिसऱ्या दिवशी आला. सकाळचं ऊन कोवळं होतं, झेंडूच्या माळा दारावर अजून सुकल्या नव्हत्या. त्यानं उभ्या कापलेल्या कडा बघितल्या, बाभळीच्या फांद्या बघितल्या. मान हलवली. मग पळी बुडवली. पहिल्या पळीत नुसतं पाणी. दुसऱ्या पळीतही. आबांनी श्वास सोडलेला मला ऐकू आला.

तिसरी पळी त्यानं बाभळीच्या कोपऱ्यातून काढली आणि थांबला. पळी डोळ्यांजवळ नेली. पाण्यात बारीक बारीक, पापणीच्या केसाएवढं काहीतरी हलत होतं. पाच-सहा.

"अरेरे," साहेब म्हणाला. मनापासून म्हणाला. "एवढं केलंत तुम्ही. पण अळी आहे." आणि त्यानं खिशातली वही काढली.

मी पुढं झालो, पण मलाही त्या अळ्याच वाटल्या.

आई गोठ्याच्या मेढीला धरून उभी होती. परक्या पुरुषापुढं ती कधी बोलत नसे. ती पदर सावरत आली, पळीत वाकून बघितलं, आणि म्हणाली, "साहेब, ह्यास्नी डोळं हायती."

"काय?"

"डोळं. बगा की. अंगापरीस डोळंच मोठं हायती. किड्याचं डोळं आसं दिसत्यात व्हय? आन् किडा डोकं खाली करून लोंबतोय. हे सरळ पवत्यात." तिनं पळीकडं बोट केलं. "मी रोज सकाळी बगती. किडा मला ठावा हाय. माझी दोन पोरं खाल्ली त्यानं. हे किडं न्हाईत. ही माशाची पिल्लं हायती."

साहेबानं खिशातलं भिंग काढलं. बराच वेळ बघितलं. मग भिंग माझ्या हातात दिलं. काळेभोर, गोल, दोन-दोन डोळे, आणि मागं दोऱ्याएवढं अंग. हे मासे अंडी घालत नाहीत, पिल्लांनाच जन्म देतात, आणि अंगावर संकट आलं तर पोटुशी मादी दिवस भरायच्या आतही मोकळी होते. हे मी पुढं कुठंतरी वाचलं. त्या दिवशी त्या परसात ते फक्त आईला दिसलं होतं. हीच बाई सगळ्यांत आधीपासून म्हणत होती, बुजवा. त्या क्षणी ती गप्प राहिली असती तर तिचंच म्हणणं खरं झालं असतं.

साहेबानं पळीतलं पाणी हलकेच परत सोडलं. वहीत काही लिहिलं, पान फाडून आबांना दिलं. आबांना वाचता येत नव्हतं. त्यांनी ते माझ्याकडं दिलं, आणि मी मोठ्यानं वाचलं, सगळ्यांना ऐकू जाईल असं. खड्डा ठेवण्यास हरकत नाही.

त्या साली सोनाला कार्तिकात दोनदा थंडी वाजून आली. पुढच्या अश्विनात एकदा. त्याच्या पुढच्या अश्विनात एकदाही नाही. खड्डा बुजवला गेला नाही, चोपण त्या चार वाफ्यांत शिरलं नाही, आणि सोना जगली.